चिटणिसांची वही आणि लीगचा संगणक

पावसाळ्यातल्या रविवारी पहाटेच एखाद्या घरातला फोन सारखा वाजू लागला, की खुशाल समजावे, हे घर कोणत्या तरी लीगच्या चिटणिसांचे आहे.

"काका, मॅच आहे ना?" पलीकडून एखादा मुलगा विचारतो.

"मैदान ओले आहे रे. दहा वाजता पंच पाहतील, मग कळवतो," काका सांगतात आणि फोन ठेवतात न ठेवतात तोच पुन्हा घंटी वाजते. यावेळी एका संघाचे व्यवस्थापक असतात. त्यांचे सहा खेळाडू कल्याणहून यायचे आहेत. निघायला सांगू की नको? चहा निवत असतो. टेबलावर जाड पुठ्ठ्याची वही उघडी असते. तिच्यात सामन्यांचे वेळापत्रक, पंचांचे फोन नंबर, प्रवेश फीचा हिशोब आणि गेल्या रविवारचे निकाल, सगळे एकाच ठिकाणी, तीन रंगांच्या शाईत लिहिलेले असते. घरातल्या मंडळींना या वहीचा राग येतो. पण ती सापडली नाही तर सगळ्यात आधी शोधायला तीच मंडळी धावतात.

हौशी खेळांचा संसार अशा वह्यांवर चालत आला आहे. मुंबईची डॉ. कांगा लीग १९४८ साली सुरू झाली. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची ही स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात खेळली जाते. ओली खेळपट्टी, वाढलेले गवत आणि आभाळाकडे लागलेले डोळे, अशा परिस्थितीत अनेक मोठे फलंदाज घडले. आझाद मैदानावर तर एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. बघणाऱ्याला हा गोंधळ वाटतो. पण कोणता संघ कोणत्या खेळपट्टीवर, कोणाशी, कोणत्या पंचांच्या हाताखाली खेळणार, हे कोणीतरी आधी बसून ठरवलेले असते, म्हणून तो गोंधळ होत नाही.

हे ठरवणे किती मोठे काम आहे, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. एका गटात १४ संघ असतील आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच खेळायचे असेल, तर ९१ सामने होतात. असे ७ गट असले तर ६३७. प्रत्येक सामन्याला २ पंच धरले, तर पंचांच्या १,२७४ नेमणुका. त्यातून पाऊस आला, परीक्षा आली, गणपती आले, की लिहिलेले खोडायचे आणि पुन्हा लिहायचे. हे सारे काम करणारा माणूस बहुधा दिवसभर नोकरी करून रात्री हा उद्योग करतो आणि त्याबद्दल एक पैसाही घेत नाही.

एका आकड्याने हुकलेली उपांत्य फेरी

वहीत चूक झाली तर काय होते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, १६ वर्षांखालील मुलांची ८ संघांची लीग आहे. सामना २० षटकांचा. पहिले ४ संघ उपांत्य फेरीत जाणार. साखळी सामने संपले तेव्हा चौथ्या जागेसाठी दोन संघांचे गुण सारखे झाले. अशा वेळी निव्वळ धावगती पाहायची, असा नियम आहे. म्हणजे आपण दर षटकामागे काढलेल्या धावांतून आपल्याविरुद्ध निघालेल्या धावा वजा करायच्या.

यातील एका संघाने एका सामन्यात २० षटकांत १५० धावा केल्या होत्या आणि प्रतिस्पर्ध्यांना १५ षटकांतच १२० धावांत गुंडाळले होते. क्रिकेटचा नियम असा, की संघ सर्वबाद झाला तर त्याची पूर्ण २० षटके धरायची. म्हणजे हिशोब ७.५० वजा ६.००, म्हणजे अधिक १.५०. पण रात्री अकरा वाजता डोळ्यांवर झोप असलेल्या कोणी १२० ला १५ ने भागले, तर उत्तर येते ८.००. आणि ३० धावांनी सामना जिंकलेल्या संघाची त्या सामन्याची धावगती होते उणे ०.५०! सात सामन्यांच्या एकूण बेरजेत हा फरक आकसून पाव धावेच्या आसपास येतो. पण चौथा कोण आणि पाचवा कोण, हे ठरवायला पाव धाव पुष्कळ झाली.

ही चूक कोणाच्या लक्षात आली नाही, तर पाचव्या ठरलेल्या संघातली मुले घरी बसतात. उपांत्य फेरी पाहायला निवड समितीचे सदस्य येतात, त्यांना ही मुले दिसत नाहीत. आणि चूक नंतर लक्षात आली तर त्याहून वाईट घडते. चिटणिसांनी मुद्दामच केले, त्यांचा भाचा त्या दुसऱ्या संघात आहे, अशी कुजबुज सुरू होते. वर्षानुवर्षे फुकट राबलेल्या माणसाच्या पदरी एका भागाकाराने संशय पडतो. हौशी संस्था फुटतात त्या पुष्कळदा पैशावरून नव्हे, अशाच एखाद्या न पटलेल्या निकालावरून.

मापाने शिवलेला सदरा

म्हणूनच गेल्या काही वर्षांत लीगचे कामकाज पाहणारी सॉफ्टवेअर पुढे आली आहेत. त्यांचे दोन प्रकार सांगता येतील. एक तयार कपड्यासारखा: दुकानात जायचे, आपल्या अंगाला बसेल तो घ्यायचा. इंग्लंडमधील क्रिकेट मंडळाची 'प्ले-क्रिकेट' ही व्यवस्था तिथले हजारो क्लब आपले निकाल आणि गुणतक्ते ठेवण्यासाठी वापरतात. तिथल्या फुटबॉल संघटनेची 'फुल-टाइम' नावाची व्यवस्था रविवारी सकाळी उद्यानांत खेळणाऱ्या हौशी लीगसाठी तसेच काम करते. भारतात अहमदाबादच्या 'क्रिकहीरोज'सारख्या मोबाइल ॲपमुळे गल्लीतल्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांचेही धावफलक घरबसल्या दिसू लागले.

दुसरा प्रकार शिंप्याकडून माप देऊन शिवून घेतलेल्या कपड्यासारखा. लीगचे स्वतःचे काही नियम असतात, जे तयार सॉफ्टवेअरच्या मापात बसत नाहीत. एखाद्या लीगमध्ये पहिल्या डावाच्या आघाडीला वेगळे गुण असतात. एखाद्या सोसायटीच्या स्पर्धेत प्रत्येक संघात दोन महिला आणि एक चाळिशीपुढचा खेळाडू घ्यावाच लागतो. कुठे एका खेळाडूला एका मोसमात दोन संघांकडून खेळता येत नाही. कुठे येते, पण पहिल्या चार सामन्यांपर्यंतच. अशा लीग मग एखाद्या ओळखीच्या प्रोग्रॅमरला गाठतात आणि आपल्या मापाचे सॉफ्टवेअर बनवून घेतात.

कपडा कोणत्याही प्रकारचा असो, आतली रचना साधारण सारखीच असते. संघ, खेळाडू, मैदाने, तारखा आणि पंच यांच्या पाच याद्या आणि त्यांना जोडणारे नियम. खेळाडूचे नाव एकदाच लिहायचे. मग तो जिथे खेळेल तिथे तेच नाव उचलले जाते. सामन्याचा निकाल एकदाच लिहायचा. गुणतक्ता, धावगती, सर्वाधिक धावा आणि बळी यांच्या याद्या आपोआप बदलतात. वहीत हेच चार ठिकाणी लिहावे लागते आणि चारपैकी एका ठिकाणी राहून जाते.

खुर्च्यांचा खेळ

सर्वांना कुतूहल असते ते वेळापत्रकाचे. संगणक ते कसे बनवतो? त्याची मूळ युक्ती घरातल्या मुलांनाही करून पाहता येईल. आठ खुर्च्या चार-चारच्या दोन ओळींत समोरासमोर मांडाव्यात आणि आठ मुलांना बसवावे. समोरासमोर बसलेल्या जोड्या हे पहिल्या रविवारचे चार सामने. आता कोपऱ्यातील एका मुलाने जागेवरच बसून राहायचे आणि बाकी सातांनी एकेक खुर्ची पुढे सरकायचे, घड्याळाच्या काट्याप्रमाणे. नव्या जोड्या म्हणजे दुसरा रविवार. असे सात रविवार झाले की प्रत्येक मूल प्रत्येकासमोर बरोबर एकदा येऊन जाते. एकही जोडी सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. संघ नऊ असतील तर दहावी खुर्ची रिकामी ठेवायची. तिच्यासमोर जो येईल त्याला त्या दिवशी विश्रांती. बुद्धिबळाच्या स्पर्धांत अशाच रीतीने बनवलेले तयार तक्ते ऑस्ट्रियाचे बुद्धिबळपटू योहान बर्जर यांच्या नावाने ओळखले जातात.

खरी अडचण यापुढे सुरू होते. प्रत्येक संघाचे स्वतःचे मैदान असेल तर प्रत्येकाला वाटते, एक सामना आपल्याकडे व्हावा, पुढचा बाहेर, पुन्हा आपल्याकडे. मागणी रास्त दिसते, पण सर्वांसाठी ती पुरी करणे अशक्य असते. कारण सोपे आहे. असा एकाआड एक क्रम दोनच प्रकारे लावता येतो: घरी-बाहेर-घरी किंवा बाहेर-घरी-बाहेर. ज्या दोन संघांचा क्रम अगदी सारखा असेल, ते दोघे एकाच वेळी घरी आणि एकाच वेळी बाहेर असणार. मग त्यांचा एकमेकांशी सामना होणार कसा? म्हणून आठांपैकी फार तर दोन संघांनाच अखंड एकाआड एक क्रम मिळू शकतो. उरलेल्या सहांना निदान एकदा तरी सलग दोन सामने घरी किंवा सलग दोन बाहेर खेळावे लागतात. "आमच्यावरच अन्याय का?" असे विचारणाऱ्या व्यवस्थापकाला हे गणित समजावून सांगितले, तर निम्मी भांडणे मिटतील.

यानंतर येतात माणसांच्या अडचणी. दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात शाळकरी संघ नको. एका पंचांना दुपारनंतर मोकळीक नाही. एका मैदानावर त्या रविवारी लग्नाचा मांडव आहे. चांगले सॉफ्टवेअर या अटींचे दोन भाग करते: मोडताच येणार नाहीत अशा आणि जमल्यास पाळायच्या अशा. मांडव असलेल्या मैदानावर सामना ठेवता येणार नाही, ही पहिली. कोणालाही लागोपाठ तीनदा सकाळी सातचा सामना नको, ही दुसरी. मग संगणक हजारो वेळापत्रके मांडून पाहतो आणि ज्यात कमीत कमी लोकांची गैरसोय होते ते पुढे ठेवतो. पाऊस पडला की उरलेल्या सामन्यांची मांडणी तो काही मिनिटांत नव्याने करून देतो. त्यासाठी चिटणिसांचे दोन रविवार खर्ची पडत असत.

हे काम अगदी बड्या लीगनाही सोपे गेलेले नाही. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या मुख्य लीगचे वेळापत्रक २० हून अधिक वर्षे, २००४ पर्यंत, हेन्री आणि हॉली स्टीफन्सन हे एक दांपत्य घरूनच तयार करीत असे. संगणकाच्या मदतीने ढाचा तयार करायचा आणि मग नवरा-बायकोने मिळून हाताने सुधारणा करायच्या, अशी त्यांची पद्धत होती. पुढे ते काम वेळापत्रकाच्या गणितात मुरलेल्या तज्ज्ञांच्या गटाकडे गेले. ज्या घरात चिटणिसांची वही जेवणाच्या टेबलावर पडलेली असते, तिथल्या गृहिणीला हे वाचून थोडे समाधान वाटायला हरकत नाही.

आधी नियम, मग यंत्र

सॉफ्टवेअर बनवून घेताना संस्थांना एक अनपेक्षित अनुभव येतो. प्रोग्रॅमर पहिल्याच बैठकीत विचारतो, "तीन संघांचे गुण सारखे झाले आणि पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने पहिल्याला हरवले असेल, तर कोण वर?" समितीतले पाच जण पाच उत्तरे देतात. तीस वर्षे लीग चालली, पण हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, हे त्या दिवशी कळते. आजवर तो प्रश्न आला तेव्हा ज्येष्ठांनी ठरवले आणि बाकीच्यांनी मान तुकवली. संगणकाला ज्येष्ठ कळत नाहीत. त्याला प्रत्येक शक्यतेचे उत्तर आधीच द्यावे लागते. काही संस्थांना तर या बैठकांचाच फायदा सॉफ्टवेअरपेक्षा जास्त होतो, कारण त्यानिमित्ताने त्यांची नियमावली पहिल्यांदा पूर्ण होते.

नियम आधी लिहिलेला असणे याचे मोल मोठ्या स्पर्धांतही दिसले आहे. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोलफरक, केलेले गोल, सारेच समान झाले आणि आपसातला सामनाही बरोबरीत सुटला होता. जपानला पिवळी कार्डे कमी मिळाली होती म्हणून जपान पुढे गेला. सेनेगलच्या चाहत्यांना दुःख झाले. पण नियम स्पर्धेपूर्वीच छापलेला होता, त्यामुळे कोणी कोणावर आळ घेऊ शकले नाही. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि इंग्लंडला जास्त चौकार-षटकारांच्या आधारे विजयी ठरवले गेले. हा नियम पुष्कळांना पटला नाही आणि त्याच वर्षी तो बदलला गेला. पण बदल झाला तो पुढच्या स्पर्धांसाठी. सामना संपल्यावर नियम बदलायचा नाही, हे पथ्य पाळले गेले.

आणि नियम हाताशी असूनही वाचण्यात चूक होऊ शकते, हे २००३ च्या विश्वचषकात डर्बनला दिसले. पावसाच्या छायेत श्रीलंकेविरुद्ध खेळणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या छावणीत डकवर्थ-लुईस पद्धतीचा तक्ता होता. त्यावरचा आकडा बरोबरीचा होता. तो विजयाचा समजला गेला. फलंदाजाने शेवटचा चेंडू नुसता अडवला, सामना बरोबरीत सुटला आणि यजमान संघ आपल्याच घरच्या विश्वचषकातून बाहेर पडला. एका धावेचा प्रश्न होता. म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरने नुसता आकडा दाखवून भागत नाही. "बरोबरीसाठी इतक्या, विजयासाठी इतक्या" असे स्वच्छ शब्दांत सांगावे लागते.

संगणकाच्याही स्वतःच्या खास चुका असतात. क्रिकेटमध्ये १५.४ षटके म्हणजे १५ षटके आणि ४ चेंडू, म्हणजे ९४ चेंडू. संगणकाच्या साध्या तक्त्यात तोच आकडा लिहिला तर तो १५ पूर्णांक ४ दशांश समजतो. ९४ चेंडूंत ९४ धावा, म्हणजे धावगती नेमकी ६.००, पण तक्ता दाखवतो ६.१०. क्रिकेट न जाणणाऱ्या प्रोग्रॅमरकडून ही चूक सहज होते आणि मग ती दर रविवारी, प्रत्येक सामन्यात, न थकता होत राहते. माणूस एकदा चुकतो. यंत्राला चुकीचे शिकवले तर ते मोसमभर चुकते.

याला एक सोपी कसोटी आहे. नवे सॉफ्टवेअर हाती आले की गेल्या वर्षीचे सर्व निकाल त्यात भरावेत. शेवटचा गुणतक्ता वहीतल्या तक्त्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. जुळला नाही तर दोघांपैकी एक चुकला आहे. ते सॉफ्टवेअरच असेल असे नाही. कधी कधी जुनी वही चुकलेली निघते, आणि त्या दिवशी समितीची बैठक जरा लांबते.

धावफलकावरचे नाव

हौशी खेळाडूला बक्षिसाची रक्कम फारशी मिळत नाही. त्याला हवी असते नोंद. आपले नाव कुठेतरी बरोबर लिहिले जावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड स्पर्धेत शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. शाळांच्या सामन्याला तेव्हा कॅमेरे नसत. ती भागीदारी जगाला कळली ती धावपुस्तकामुळे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धेत नाबाद १,००९ धावा केल्या, तेव्हा जगभर बातमी झाली. त्याने मोडलेला विक्रम होता इंग्लंडच्या शाळकरी ए. ई. जे. कॉलिन्सचा, १८९९ मधील नाबाद ६२८ धावांचा. त्या जुन्या डावाची नोंद ठेवणाऱ्यानेच आकड्यात वीसएक धावांचा फरक असू शकेल असे म्हटले होते, असे सांगतात.

आता मैदानाच्या कडेला बसलेला मुलगा मोबाइलवर एकेक चेंडू नोंदवतो. गावाकडची आजी दुसऱ्या जिल्ह्यात बसून नातवाच्या धावा मोजू शकते. नोकरीनिमित्त इंदूर, बडोदा किंवा बंगळूरला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मुंबई-पुण्याच्या लीगमध्ये खेळणाऱ्या पुतण्याची खुशाली अशी कळते. मात्र मोबाइलची बॅटरी संपते, पावसात तो भिजतो, नोंद करणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे जाते. म्हणून जाणत्या लीग आजही कागदी धावपुस्तक सोबत ठेवतात आणि डाव संपल्यावर दोन्ही नोंदी जुळवून पंचांची सही घेतात.

बुद्धिबळाने या बाबतीत बरीच आघाडी घेतली आहे. शेकडो खेळाडूंच्या स्पर्धेत प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळणे शक्य नसते आणि बाद पद्धत ठेवली तर पहिल्याच फेरीत निम्मी मुले घरी जातात. त्यावर तोडगा म्हणजे स्विस पद्धत. १८९५ साली झुरिचमध्ये ती प्रथम वापरली गेली. दर फेरीत सारखे गुण असलेले खेळाडू एकमेकांसमोर येतात, एकदा खेळलेली जोडी पुन्हा पडत नाही आणि पांढरी-काळी मोहरी शक्य तितकी समान वाटली जातात. पूर्वी पंच टेबलावर खेळाडूंची कार्डे पसरून या जोड्या लावत आणि पालक ताटकळत बसत. आता हे काम संगणक करतो. त्यासाठीच्या सॉफ्टवेअरना जागतिक बुद्धिबळ महासंघ तपासून मान्यता देतो. जोड्या कशा लावायच्या याचे नियम इतके नेमके लिहिलेले आहेत, की "माझ्या मुलाला मुद्दाम कठीण प्रतिस्पर्धी दिला" या तक्रारीला फारशी जागाच उरलेली नाही.

किल्ली कोणाच्या खिशात?

मापाच्या कपड्याची एक जोखीम असते: शिंपी गाव सोडून गेला तर? पुष्कळ लीगचे सॉफ्टवेअर एखाद्या उत्साही तरुणाने सुट्टीत बनवलेले असते. तो स्वतः त्याच लीगमध्ये खेळलेला असतो, त्यामुळे पैसेही घेत नाही. दोन वर्षांनी त्याला परदेशी नोकरी लागते, लग्न होते. इकडे एका रविवारी सॉफ्टवेअर उघडत नाही आणि पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. दहा वर्षांच्या नोंदी कुलपाच्या आत आणि किल्ली सातासमुद्रापार!

म्हणून सुरुवातीलाच काही गोष्टी लेखी ठरवाव्यात. मूळ प्रोग्रॅमची प्रत संस्थेकडे असावी. पासवर्ड निदान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावेत. दर आठवड्याला सर्व माहितीची प्रत वेगळ्या ठिकाणी जपावी आणि ती कोणत्याही संगणकावर वाचता येईल अशा साध्या स्वरूपात असावी. मोसमाच्या शेवटी गुणतक्ता आणि विक्रम कागदावर छापून फाइलला लावावेत. सॉफ्टवेअर तयार मिळणारे असो की बनवून घेतलेले, "उद्या तुम्ही बंद झालात तर आमची माहिती आम्हाला कशी परत मिळेल?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा.

पालकांनीही डोळसपणा ठेवायला हवा. वयोगटाच्या स्पर्धेत मुलाचा जन्मदाखला, फोटो, शाळेचे नाव, घरचा पत्ता अशी माहिती दिली जाते. वय लपवून खेळवण्याच्या प्रकाराला आळा घालायचा, तर कागदपत्रे तपासणे आवश्यकच आहे. एकदा तपासलेला दाखला सॉफ्टवेअरमध्ये नोंदला गेला, की दरवर्षी नवी जन्मतारीख सांगता येत नाही. पण तपासणे वेगळे आणि सर्वांना दाखवणे वेगळे. धावफलकावर मुलाचे नाव पुरे. पत्ता आणि जन्मतारीख तिथे दिसण्याचे कारण नाही. २०२३ मध्ये संमत झालेल्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची अट घातली आहे. ही माहिती कोण पाहू शकते, मोसम संपल्यावर तिचे काय होते, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

हेही खरे, की प्रत्येक लीगला सॉफ्टवेअर हवेच असे नाही. सोसायटीतल्या सहा संघांच्या १५ सामन्यांसाठी फळ्यावरचा खडू पुरतो. खर्च करण्यापूर्वी संस्थेने स्वतःला विचारावे: आपली अडचण वेळेची आहे, चुकांची आहे, की विश्वासाची? वेळेची असेल तर तयार सॉफ्टवेअर भागवते. चुकांची असेल तर नियमावली नीट लिहिण्यापासून सुरुवात करावी. विश्वासाची असेल, तर सर्वांना दिसेल असा गुणतक्ता हवा, प्रत्येक संघाला आपला आकडा तपासता यावा आणि हरकत घेण्यासाठी ठरावीक मुदत असावी. त्या मुदतीत आलेली हरकत मान्य झाली, तर चूक झाल्याचे मोकळेपणाने जाहीर करावे.

सुरुवातीच्या उदाहरणातली पाचव्या क्रमांकाची मुले आठवावीत. गुणतक्ता दर रविवारी संध्याकाळी सर्व संघांपुढे आला असता, तर त्यांच्यातल्या गणितात हुशार असलेल्या एखाद्याने ती चूक तिसऱ्याच आठवड्यात पकडली असती. "काका, हे १५ नाही, २० धरायचे ना?" एवढेच त्याने विचारले असते. काकांनी चष्मा पुसून पाहिले असते, आकडा दुरुस्त केला असता आणि त्याचे आभारही मानले असते. कोणाचा भाचा कोणत्या संघात आहे, हा विषय निघालाच नसता.

हिशोब यंत्राकडे गेला म्हणजे चिटणिसांचे काम संपले, असे मात्र नाही. ओल्या खेळपट्टीवर बोट टेकवून आज खेळायचे की नाही हे पाहणे, ज्याचे वडील रुग्णालयात आहेत त्या कर्णधाराचा सामना पुढे ढकलणे, हरलेल्या लहान मुलाच्या पाठीवर हात ठेवणे, ही कामे कोणत्याही प्रोग्रॅममध्ये लिहिता येत नाहीत. त्यांच्यासाठी चिटणीस थोडे मोकळे झाले, रविवारचा चहा गरम असताना पिऊ शकले, तर लीगने संगणकावर केलेला खर्च सार्थकी लागला असे समजावे.